मम्मीला घ्यायला कुणी गेलं नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस राहिले होते आणि भाऊ मला घ्यायला धुळ्याला आला. दरवर्षी येतो. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, एसटीत एकटीने बसायला मला कुणाची सोबत लागत नाही, पण आमच्या खानदेशात आखाजीला माहेरवाशीण आपली आपण उठून येत नसते. तिला आणायला माणूस जावा लागतो. एरवी हा माणूस मोटारसायकलवर बसल्यापासून माझी टिंगल सुरू करतो. या वर्षी तो गप्प होता. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, पोरले आजून काही सांगेल नई. तू बी बोलू नको. आबानी सांगेल शे."

पोर म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, पाच वर्षांची. तिची आई, माझी भावजय, पौषात वारली. ताप आला, तिसऱ्या दिवशी जीपमधून धुळ्याच्या दवाखान्यात आणली आणि पाचव्या दिवशी ती गेली. त्या दिवशी पोरीला शेजारच्या अक्कांच्या घरात ठेवलं होतं, दार लावून. सगळं उरकल्यावर तिने मम्मी कुठे म्हणून विचारलं, तेव्हा आबा, म्हणजे आमचे वडील, तिला म्हणाले, माहेरी गेली. हे मला माहीत होतं. तेराव्यानंतर नीट सांगू, असं तेव्हा ठरलं होतं. मग मी धुळ्याला परतले, शाळा सुरू झाली, आणि पोरीला सांगितलं का, असं फोनवर विचारलं की भाऊ "हो, हो" म्हणायचा. ते "हो, हो" कशाचं होतं ते मला आज, चार महिन्यांनी कळत होतं.

मला राग पटकन येतो. तिथेच टपरीवर मी त्याला बरंच बोलले. चहावाला फडकं हातात धरून ऐकत उभा राहिला. भावाने मान खाली घातली आणि म्हणाला, पोर विचारते तेव्हा मी शेतात निघून जातो.

वाटेत बाकीचं कळलं. आबांनी अख्ख्या गावाला बजावून ठेवलं होतं. दुकानदार, नळावरच्या बाया, अंगणवाडीतल्या ताई, सगळे एकच सांगत होते, मम्मी माहेरी गेली. भावजयीचं माहेर जामनेरकडचं. फोन लावून दे म्हणून पोरीने हट्ट धरला, तर तिचा मामाही तिकडून सांगायचा, मम्मी शेतात गेलीय, मम्मी झोपलीय. आमच्या गावात दोन माणसांचं कधी एका गोष्टीवर एकमत होत नाही. या खोट्यावर मात्र झालं होतं.

आता माझं सांगते. मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या कपाटात एक वेगळा खण आहे, चित्रांच्या पुस्तकांचा. घरात बाळ येणार असलं, आजोबा माणसं विसरायला लागले असले, कुणी अंगाला नको तिथे हात लावत असलं, अंधाराची भीती वाटत असली, तर या खणातलं पुस्तक काढायचं, मुलाला मांडीजवळ घ्यायचं आणि पानं उलटायची. मोठ्यांच्या तोंडून जे निघत नाही ते चित्र सांगतं, असं मी शिक्षकांच्या बैठकांमधून छातीठोकपणे सांगत आले आहे. त्या दिवशीही माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं. बगळ्याच्या पिल्लाचं. पोरीला सगळं माहीत आहे असं समजून मी ते तिच्यासाठी आणलं होतं.

पोर ओट्यावरच बसली होती. मला, तिच्या आत्याला, बघून पूर्वी ती "फुई, फुई" करत पायांना विळखा घालायची. या वेळी ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. केस तिचे तिने बांधले होते, भांग वाकडा. जेवताना तिने भाजीतलं वांगं बाजूला काढलं नाही. सगळं खाल्लं, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "भलती शहाणी व्हई गयी वं पोर. एक डाव रडत नई." आबा कौतुकाने हसले. पाच वर्षांचं मूल चार महिने रडत नाही, यात कौतुक कसलं? माझ्या वर्गात असं मूल असतं तर मी त्याच दिवशी घरी निरोप पाठवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना एकट्याने गाठलं. ते कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या लाल घागरीला पाणी झिरपतंय का ते बघत होते. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची तर नाव घेऊन भरावी लागते. मी विचारलं, सुनेचं नाव घ्याल तेव्हा नात कुठे असेल?

"अक्काना घर ठेवसूत तिले," ते म्हणाले. पुन्हा दार लावून. मी आवाज चढवला तसा त्यांनीही चढवला. "पोर लहान शे. आखाजी व्हई जाऊ दे, मंग सांगसूत. तुन्हा पुस्तकम्हा काय लिखेल शे ते तुन्हा शाळाम्हा सांग."

मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे आबांना कळायला हवं होतं. दुपारी ते पारावर पत्ते खेळायला गेले. आखाजीच्या दिवसांत आमच्या गावातले सत्तरीतले म्हातारेही पत्त्यांसाठी जेवण विसरतात. भाऊ शेतात होता. मी मनाशी हिशेब केला, मी काही सांगत नाही, पुस्तक सांगेल. आबांचा शब्दही राहील आणि पोरीला कळेलही. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा खूश होते, हे लपवून काय उपयोग.

पुस्तक देखणं होतं. तळ्याकाठी बगळी आणि तिचं पिल्लू. बगळी थकते, पंख मिटून बसते. एका सकाळी घरटं रिकामं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'आई खूप दूर गेली.' पिल्लू वाट बघतं, मग हळूहळू त्याच्या पंखांत बळ येतं. शेवटच्या पानावर ते ढगांच्या वर उडत असतं आणि समोर एक पांढरा ढग असतो, हुबेहूब बगळीच्या आकाराचा. हे पान मी बैठकीत दाखवलं होतं तेव्हा दोन शिक्षिकांनी डोळे पुसले होते.

पोरीने डोळे पुसले नाहीत. तिने त्या पानावर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "पिल्लू एकलं गयं?"

मी म्हणाले, "हो. शूर होतं ना ते."

मान हलवून ती उठली आणि अंगणातली वाळत घातलेली डाळ हलवायला गेली. मला वाटलं, रुजतंय. घाई करायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अक्का ओट्यावर आल्या. "कोठे गयी वं पोर? दूध लेवाले वनी नई."

मी म्हटलं, तुमच्याकडेच असेल. त्या म्हणाल्या, नाही. मग आम्ही दोघींनी घर बघितलं, गोठा बघितला, लिंबाला बांधलेले झोके बघितले. झोक्यांवर माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, त्यांना विचारलं तसं गाणं थांबलं. एकजण म्हणाली, मघाशी रस्त्याने जाताना दिसली, हातात पिशवी होती, मला वाटलं दळणाला चालली.

पिशवी म्हटल्यावर मी घरात धावले. भावजयीची लोखंडी पेटी उघडी होती. तिची नवी हिरवी साडी, मागच्या दिवाळीची, जागेवर नव्हती.

आमच्या गावापासून फाटा सव्वा किलोमीटर. फाट्याला लागून हायवे, धुळे-जळगावचा. आता तो चौपदरी झाला आहे आणि तिथून ट्रक कसे जातात ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय सांगणार. मोठी माणसं तिथे मुठीत जीव धरून रस्ता ओलांडतात. जामनेरला जायला जळगावकडची एसटी धरावी लागते आणि ती पलीकडच्या बाजूला थांबते. म्हणजे पोर रस्ता ओलांडणार. वैशाखाचं ऊन, अनवाणी पाय, आणि मी धावत होते. चप्पल कुठे पडली कळलं नाही. धावताना डोक्यात एकच वाक्य होतं, शूर होतं ना ते, शूर होतं ना ते. ते वाक्य माझं होतं. ते आबांनी सांगितलेलं नव्हतं.

फाट्यावर आले तेव्हा समोरून दोन कंटेनर लागोपाठ गेले आणि धुळीत काही दिसेना. धूळ बसली. पलीकडे कुणी नव्हतं. तेवढ्यात अलीकडूनच हाक आली. डांगर विकणारी एक बाई, आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात, ओरडत होती, "कोनी पोर शे हाई? कव्हयनी बसेल शे आठे!"

पोर त्या बाईच्या ताडपत्रीखाली, डांगरांच्या ढिगाशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाईने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. दोनदा रस्त्यात उतरली, दोनदा ओढून आणली, असं ती सांगत होती. मी पोरीला उचललं नाही. मी एवढंच विचारलं, "कुठे चालली होतीस?"

"जामनेरले." तिने माझ्याकडे असं बघितलं, की हेही सांगावं लागतं का. "तुले लेवाले पप्पा गया. बठ्ठासले लेवाले कोनी ना कोनी गयं. मम्मीले लेवाले कोनीच नई गयं. मी लई येस तिले."

मम्मीला आणायचं, तर साडी कशाला, विचारलं. तर म्हणाली, आखाजीला नवी नेसायला लागते ना, मम्मी तर जाताना न्यायची विसरली.

आमच्या घराने आपल्याच हाताने केलं होतं हे. माहेरी जायचं असो की माहेरून परतायचं, घ्यायला माणूस गेल्याशिवाय बाई निघत नाही, हे या पोरीने जन्मल्यापासून पाहिलेलं. आणि तिची मम्मी तर चार महिने तिकडे बसलेली, कुणी घ्यायला जात नाही म्हणून. आबांनी खोटं सांगितलं ते आमच्याच चालीरीतीतलं सांगितलं, आणि पोरीने ते मुळासकट खरं धरलं. त्यावर माझ्या पुस्तकाने तिला दाखवलं, की एकट्याने निघायचं असतं. आबांच्या खोट्याला निदान चित्रं नव्हती.

घरी आल्यावर भांडण झालं. भाऊ शेतातून धावत आला होता, तो पोरीला छातीशी धरून आत बसला. मी आणि आबा अंगणात. मी म्हणाले, आज सांगायचं, आत्ता. ते म्हणाले, पोरीचं मन मोडून जाईल. मी म्हणाले, पोरच मोडली असती आज ट्रकखाली. ते पांढरे पडले. तरी त्यांनी एक प्रश्न टाकलाच. "आनि परवा घागर भरसूत तवय इचारी, मरेल माणूसले तीस लागस का? मंग काय चित्र काढशी?"

मी म्हणाले, मेलेल्या माणसाला तहान लागते का ते मला माहीत नाही, असं तिला सांगेन. ते पाठ फिरवून लिंबाखालच्या खाटेवर जाऊन बसले.

पिशवीतलं पुस्तक मी काढलं नाही. भावाच्या शेतीच्या कागदांमध्ये एक कोरी चौकटींची वही होती, ती घेतली, आणि पोरीची खडूची पेटी. मला चित्र काढता येत नाही. माझी माणसं म्हणजे काड्या आणि वर गोळा. पण एक ठरवलं, की यात दूर, झोप, ढग, देवाघर, यांतला एकही शब्द येणार नाही. आणि हेही ठरवलं, की शाळेतल्या भाषेत वाचायचं नाही. पोर ज्या भाषेत मम्मीला हाक मारते त्या भाषेत वाचायचं.

पहिल्या पानावर खाट काढली, खाटेवर मम्मी. "मम्मीले ताप वना." दुसऱ्यावर जीप. तिसऱ्यावर दवाखाना, सलाईनची बाटली. ओसरीत बसून मी काढत होते आणि पोर शेजारी पालथी पडून बघत होती. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तिने मला थांबवलं. मम्मीच्या हातात बांगड्या नाहीत म्हणाली. मी खडू तिच्या हातात दिला. तिने बांगड्या काढल्या, मोजून चार.

चौथ्या पानावर मी मम्मीला नुसती आडवी काढली. माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. "डॉक्टरनी बठ्ठं करं. पन मम्मीनं आंग बंद पडी गयं. तिना श्वास थांबना. मम्मी मरी गयी. आते ती येवाव नई. कोनी लेवाले गयं तरी येवाव नई." भाऊ तोंडावर हात दाबून आत वळला. मी म्हणाले, आत जाऊ नकोस. तो थांबला.

पोर चित्राकडे बघत होती. रडली नाही, काही नाही. मग तिने आधीची पानं परत उलटली, खाट, जीप, दवाखाना. "मी कोठे शे?"

खरंच, तिला मी कुठेच काढलं नव्हतं. जसं तिला त्या दिवशीही कशातच घेतलं नव्हतं. मी नव्या पानावर अक्कांचं घर काढलं, बंद दार काढलं, आणि आत एक लहान काडी काढली. ते पान बघितल्यावर तिचा चेहरा बदलला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणात आबांकडे, आणि माझ्या कानाशी येऊन बोलली. कानाशी बोलली तरी लहान मुलांचं हळू बोलणं ते केवढं हळू.

"फुई, मी एक डाव रडनू. खळाम्हा. कोनले सांगेल नई मी."

"मग काय झालं?"

"आबानी सांगं व्हतं, रडशी ते मम्मी येवाव नई." ती खडूवरचा कागद नखाने सोलत होती. "मी रडनू म्हनीसन मरी गयी का ती?"

चार महिने हे तिच्या पोटात होतं. वांगं खाणं, ताट उचलणं, पाण्याचा तांब्या, सगळं यासाठी. खळ्यात एकदा रडल्याची भरपाई करत होती ती. आणि आम्ही, शिकलेली फुई धरून, तिच्याभोवती तिचं कौतुक करत होतो.

खाट करकरली. आबा उठले होते. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यात आमच्यापैकी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नाही, तो ओसरीच्या पायऱ्या चढून आला आणि नातीसमोर जमिनीवर बसला. पागोटं काढून त्याने बाजूला ठेवलं.

"नई वं माय," ते म्हणाले. "तू रडनी म्हनीसन नई. तुन्ही मम्मी तापनी मरनी. तू रडनी त्याना पहिलेच मरी गयथी. ती माहेर गयीच नई. मी खोटं बोलनू. रडू नको, तेबी मी खोटंच सांगं."

मला वाटलं, आता पोर येईल आणि त्यांच्या गळ्यात पडेल. ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की झोक्यावरचं गाणं पुन्हा थांबलं. अक्का धावत आल्या, मागे दोन बाया, "चूप व्हय, चूप व्हय" करत. आबांनी हात आडवा धरला. "कोनी चूप करू नका तिले."

मग तिने आबांना मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, छातीवर, खांद्यावर, तोंडावर, मम्मी मम्मी म्हणून ओरडत. भाऊ पुढे झाला, मी त्याला धरलं. आबांनी तिचे हात धरले नाहीत. मान खाली घालून ते तिच्या पुढ्यात बसून राहिले, तिचं मारणं संपेपर्यंत.